प्रॉन्ग्सच्या दीपगृहापलीकडे: खुल्या समुद्रात शिडाची होडी शिकताना तुम्हांला काय उमगले?

कुलाबा_काठ

गेले दोन हंगाम मी मुंबई बंदरात शिडाची होडी चालवायला शिकते आहे. पहिला हंगाम दोघांनी चालवायच्या लहान होडीवर गेला आणि दुसरा तळाला जड कणा असलेल्या मोठ्या बोटीवर. गेटवेपासून घारापुरीपर्यंतचे पाणी आता ओळखीचे झाले आहे. टॅक आणि जाइब, म्हणजे वाऱ्याच्या तोंडातून किंवा वारा पाठीशी घेऊन बोट वळवणे, पाण्यात पडलेल्या माणसापाशी बोट परत आणून उभी करणे या गोष्टी हाताला बसल्या आहेत असे मला वाटत होते.

माघ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे, म्हणजे तीन विद्यार्थी आणि आमचे शिक्षक, खांदेरी बेटाला वळसा घालून यायला निघालो. सकाळी सातला निघायचे ठरले होते, पण शीड चढवण्याचा दोर डोलकाठीच्या टोकावरील कप्पीत अडकला आणि तो सोडवेपर्यंत दुपारचे बारा वाजले. अडीचच्या सुमारास बंदराच्या तोंडाशी असलेले प्रॉन्ग्सचे दीपगृह मागे पडले आणि पाण्याचा स्वभावच पालटला. बाहेरून येणारी लांब लाट, तिच्यावर स्वार झालेल्या आखूड, उभ्या लाटा आणि पश्चिमेचा चढत जाणारा वारा. बंदरात तीन मिनिटांत होणारे रीफ घ्यायला, म्हणजे शिडाचा घेर कमी करून तो बूमला, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याला, बांधायला, आम्हांला वीस मिनिटे लागली. मला उलट्या सुरू झाल्या होत्या, तरी सुकाणू मी सोडले नाही. खांदेरी समोर स्पष्ट दिसत असताना शिक्षकांनी परत फिरायला सांगितले. मी आणखी अर्धा तास मागितला. त्यांनी दिला नाही. परतीच्या वाटेवर बोट जागच्या जागी उभी असल्यासारखी वाटत होती आणि बोटीची बांधायची जागा गाठेपर्यंत अंधार पडला.

परत फिरणे योग्य होते हे बुद्धीला पटते, परंतु दोन वर्षे जे शिकले ते दीपगृहापाशीच संपले, ही भावना मनातून जात नाही. खुल्या समुद्रात गेल्यावर सगळे पहिल्यापासून शिकावे लागते का? तुम्हांला तिथे काय उमगले, ते सविस्तर वाचायला आवडेल.

पाऊणतिथी

ताई, तुम्ही तिथी लिहिलीत म्हणून त्या दिवसाचा हिशेब मांडता येतो. आपल्या किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. प्रतिपदेची पाऊणपट म्हणजे पाऊण तास, म्हणून पूर्ण भरती साधारण पाऊण वाजता. त्यानंतर सुमारे सहा तास ओहोटी.

हे सहा तास सारखे नसतात. पाण्याच्या एकूण उताराचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग उतरतो. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोन तासांत जाते. पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण असल्यामुळे मुंबईत भरती-ओहोटीतील अंतर चार मीटरांच्या वर जाते. तुमच्या दिवशी पावणेतीन ते पावणेपाच या वेळात बंदरातून बाहेर जाणारा प्रवाह सर्वांत जोरात होता, आणि दुपारचा खारा वारा चढण्याची वेळही नेमकी तीच. प्रवाह बाहेर चाललेला आणि वारा बाहेरून आत येणारा, अशी दोघांची गाठ पडली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. प्रॉन्ग्सजवळ खडकाचा उथळ पट्टा असल्याने तिथे हे अधिकच जाणवते.

परतताना बोट उभी असल्यासारखी वाटली तेही खरेच होते. पाण्यातून पाच नॉटने चालणारी बोट अडीच नॉटच्या समोरच्या प्रवाहात जमिनीच्या हिशेबाने निम्म्याच वेगाने पुढे सरकते. सकाळी सातला निघाला असतात तर जाताना भरती अंगावर आली असती, पण पाणी तरी शांत मिळाले असते. तुमच्या कौशल्यात मला उणीव दिसत नाही. सुटायची वेळ बदलली तेव्हा बेतही बदलायला हवा होता, आणि तो धक्क्यावर उभे असतानाच बदलायला हवा होता.

प्रश्नचिन्ह

पाऊणतिथी, हा आडाखा मी प्रथमच ऐकला. माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. वारा पश्चिमेकडून येत असताना शिडाची बोट पश्चिमेकडे जातेच कशी?

डोलकाठी

प्रश्नचिन्ह, थेट वाऱ्याच्या तोंडात कोणतीही शिडाची बोट जात नाही. ती वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला, अशी नागमोडी पुढे जाते. शिडाला पोट आलेले असते. त्याच्या दोन बाजूंनी वाहणाऱ्या वाऱ्याच्या दाबात फरक पडतो आणि शीड तिरके ओढले जाते. बोटीच्या तळाचा कणा आडवे सरकण्याला विरोध करतो, त्यामुळे त्या ओढीचा पुढे नेणारा भागच कामी येतो. कणा नसेल तर बोट नुसती वाऱ्याबरोबर वाहत जाईल.

आता मूळ प्रश्न. पाऊणतिथी यांचा हिशेब अचूक आहे, पण सारा दोष वेळेवर टाकणे मला मान्य नाही. रीफ घ्यायला वीस मिनिटे लागली, हा प्रशिक्षणातील दोष आहे. बंदरात रीफ घेण्याचा सराव बहुधा बोट शांत उभी असताना होतो. तो मुद्दाम खराब पाण्यात, अंगावर पाणी घेत, एका हाताने बोट धरून आणि दुसऱ्या हाताने काम करून व्हायला हवा. शीड कमी करावे का, हा विचार मनात प्रथम येतो तीच ते कमी करण्याची वेळ असते. तुम्ही दीपगृहाच्या आत, सपाट पाण्यात रीफ घेऊन बाहेर पडला असतात, तर दिवस बराच वेगळा गेला असता. गरज नाही असे ठरल्यास रीफ सोडायला एक मिनिट पुरते.

दुसरे, लहान होडीचा एक हंगाम अपुरा आहे. लहान होडी चूक झाली की लगेच उलटते, आणि ती उलटल्यावर पोहत जाऊन, तळातून बाहेर आलेल्या मधल्या फळीवर उभे राहून सरळ करावी लागते. जड कण्याची बोट चूक पोटात घालते, म्हणून तिच्यावर शिकणाऱ्याला आपली चूक झाल्याचे कळतही नाही.

करंजा_बंदर

डोलकाठी साहेब, तुमचे पुष्कळसे पटले, पण चूक कळण्यासाठी होडी उलटलीच पाहिजे हे नाही पटले. आमच्या घरात चार पिढ्या मासेमारी आहे. माझे आजोबा इंजिन येण्याच्या आधीच्या काळातील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. त्यांच्या होडीचे शीड तिरक्या परबाणाला, म्हणजे शीड धरणाऱ्या लांब दांड्याला, बांधलेले असे, आणि वाऱ्याची बाजू बदलायची म्हणजे ते लांबलचक परबाण डोलकाठीच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगाला न्यावे लागे. भर वाऱ्यात हे काम चार माणसांच्या ताकदीचे होते. म्हणून ते आदल्या संध्याकाळीच ठरवीत, की जायचे कसे आणि यायचे कसे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे. वाऱ्याशी भांडून कुठे जायचे, हा विचारच त्यांच्या बोलण्यात नसे.

आमच्याकडे डोलीचे जाळे लावतात. ते मोठ्या पिशवीसारखे असते आणि प्रवाहानेच त्याचे तोंड उघडे राहते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, प्रवाह मंद असतो आणि जाळ्याला काम नसते. म्हणून घरातील लहान मुलालाही उधाण आणि भांग कळते, कारण त्यावर घरातील पैसा अवलंबून असतो. तुम्ही हौसेने समुद्रावर येता याचा मला आनंदच आहे. फक्त एक कळकळीची विनंती. पाण्यावर बांबूची काठी आणि झेंडा किंवा थर्माकोलचे तरंगते ठोकळे दिसले तर त्यांच्यापासून दूर राहून जा. ती कोणाची तरी जाळी असते. ती फाटली तर महिन्याची कमाई जाते, आणि तुमच्या सुकाणूत अडकली तर तुमचाही जीव धोक्यात येतो.

आणि ताई, खांदेरीचा वेताळ आम्हां कोळ्यांचा. तो रागावून कोणाला परत पाठवत नाही. पुन्हा या.

कुलाबा_काठ

करंजा_बंदर दादा, तुमचा प्रतिसाद मी घरी सर्वांना वाचून दाखवला. आमच्या वाटेवर असे झेंडे दिसले होते आणि आम्ही त्यांना वळसा घातला होता, पण त्यामागे महिन्याची कमाई असते हे आज कळले.

पाऊणतिथी, तुमचा हिशेब मी त्या दिवसाच्या छापील भरती-कोष्टकाशी ताडून पाहिला. दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने जुळला. कोष्टक त्या दिवशी माझ्याही पिशवीत होते. सकाळच्या बेतासाठी मी ते आदल्या रात्री वाचले होते, पण बाराला सुटताना पुन्हा उघडले नाही.

डोलकाठी साहेब, रीफविषयी तुम्ही म्हणता ते शब्दशः मान्य आहे. दीपगृहाच्या अलीकडे हा विचार माझ्या मनात आला होता. मी बोलले नाही, कारण शिक्षक काही बोलले नव्हते आणि मी विद्यार्थिनी होते.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे आणि समुद्र लागणे या विषयावर मला लिहिलेच पाहिजे, कारण त्याला लोक कमकुवतपणा समजतात. कानाच्या आतील तोल सांभाळणारा अवयव शरीर हलत असल्याचे सांगतो, डोळे मात्र समोरची स्थिर वस्तू पाहत असतात, आणि या दोन साक्षी जुळत नाहीत म्हणून मळमळते. अनुभवी खलाशांनाही बराच काळ जमिनीवर राहिल्यावर पहिले काही दिवस त्रास होतो, आणि बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते. क्षितिजाकडे पाहत राहावे, शक्यतो बोटीच्या मध्यभागी बसावे, केबिनमध्ये वाकून काम करू नये. सुकाणू हातात असणाऱ्याला त्रास कमी होतो, त्यामुळे ताईंनी ते सोडले नाही हे चांगलेच केले. गोळी घ्यायची असल्यास निघण्याच्या आधी, आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. काही गोळ्यांनी झोप येते, म्हणून तिची पहिली परीक्षा घरी सुटीच्या दिवशी करावी.

उलट्या होणाऱ्या माणसाच्या शरीरातील पाणी कमी होते, त्याला थंडी वाजते आणि मुख्य म्हणजे त्याचा निर्णय बिघडतो. तुम्ही मागितलेला तो आणखी अर्धा तास मला वैद्यकीय दृष्टीने फार बोलका वाटतो. शिक्षकांनी नकार दिला तेव्हा ते तुमच्याकडेही पाहत असतील.

रात्रपाळी

मी मुंबई ते गोवा असा शिडाचा प्रवास तीनदा केला आहे. अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. हिवाळ्यात वारा बहुतेक वायव्येकडून असल्याने जाताना तो पाठीशी असतो आणि परतताना तोंडावर. त्यामुळे जाण्याचे दिवस आणि येण्याचे दिवस यांचा हिशेब एक नसतो, हे पहिल्याच खेपेला कळले.

मला सर्वांत जास्त शिकवले ते रात्रीने. आम्ही तीन-तीन तासांचे पहारे करीत असू. बारा ते तीनच्या पहाऱ्यात एकट्याने सुकाणू धरल्यावर पहिला तास मी केवळ होकायंत्राकडे पाहत होतो आणि बोट सारखी भरकटत होती. काट्यात फरक दिसून तो दुरुस्त करेपर्यंत बोट आणखी पुढे वळलेली असते. मग ज्येष्ठ सहकाऱ्याने होकायंत्रावर टोपी ठेवली आणि म्हणाला, समोरचा एक तारा डोलकाठीच्या दोराला लावून धर, तो सरकला की हात हलव, आणि वारा कोणत्या गालावर लागतो त्यावर लक्ष ठेव. अर्ध्या तासात बोट सरळ चालू लागली. काही वेळाने तारा पुढे सरकतो, म्हणून मग दुसरा निवडायचा.

त्या रात्री मागे ध्रुव होता. मुंबई सुमारे १९ अक्षांशावर आहे, म्हणून इथे ध्रुव क्षितिजापासून १९ अंश वर, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षा किंचित कमी उंचीवर दिसतो. गोव्याला पोचेपर्यंत तो साडेतीन अंश खाली येतो. तिसऱ्या रात्री मी मुठीने मोजले तेव्हा तो खरोखरच खाली आला होता. पंचवीस वर्षे ज्या आकाशाखाली राहिलो, त्याच्याकडून आपली जागा विचारता येते हे मला तेव्हा प्रथम कळले, आणि डोळ्यांत पाणी आले हे सांगायला मला संकोच वाटत नाही. पाण्यात बोटीच्या मागे निळसर उजेडाची रेघ उमटत होती. ते सूक्ष्म जीव ढवळले गेले की चमकतात.

डोलकाठी

रात्रपाळी, वर्णन मनाला भिडले. पण नवशिक्यांनी यातून उपकरणांशिवाय जाण्याचा अर्थ काढू नये. मी अनेक वर्षे मालवाहू जहाजांवर काम केले आहे. मोठ्या जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे ते चालवण्याच्या जागेवरून, नाळेसमोरचे, म्हणजे पुढच्या टोकासमोरचे, पाणी दिसतच नाही. नियमानुसार हा आंधळा पट्टा ५०० मीटरपर्यंत असू शकतो. लहान शीड त्यात शिरले की आम्हांला नाहीसे होते. शिडाच्या बोटीला इंजिनाच्या जहाजाने वाट द्यावी हा नियम सर्वांना पाठ असतो, परंतु अरुंद जलमार्गात शिडाच्या बोटीने मोठ्या जहाजाचा मार्ग अडवू नये, हा नियमही त्याच १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत आहे. न्हावा-शेव्याकडे जाणारी कंटेनर जहाजे आपल्या बंदराच्या मार्गातूनच येतात. ती वळू शकत नाहीत आणि पटकन थांबूही शकत नाहीत. त्यांचा मार्ग काटकोनात आणि लवकर ओलांडावा. व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६वर चालू असावा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा.

रात्रपाळी

पूर्णपणे सहमत. टोपी ठेवली होती ती होकायंत्रावर, रडार आणि जीपीएस चालूच होते. मात्र लहान मासेमारी बोटी पडद्यावर दिसतीलच असे नाही, त्यामुळे डोळ्यांना पर्याय नाही.

तारिणी_ची_चाहती

ताईंच्या मनातील रुखरुख वाचून मला नौदलाचे अभिलाष टॉमी आठवले. १ नोव्हेंबर २०१२ रोजी ते 'म्हादेई' या शिडाच्या बोटीने मुंबईहून एकटे निघाले आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईलाच परतले. त्याआधी २००९-१०मध्ये दिलीप दोंदे यांनी याच बोटीने चार ठिकाणी थांबत एकट्याने प्रदक्षिणा केली होती. असे करणारे ते पहिले भारतीय. तीच प्रदक्षिणा २०१७-१८मध्ये 'तारिणी'वरून नौदलाच्या सहा स्त्री अधिकाऱ्यांनी केली.

पण मला सांगायचे आहे ते सप्टेंबर २०१८चे. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत असताना दक्षिण हिंदी महासागरातील वादळात टॉमींच्या 'थुरिया'ची डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली आणि जवळजवळ तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. चार वर्षांनी, २०२२मध्ये, ते त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि २०२३मध्ये दुसरे आले. पृथ्वी प्रदक्षिणा पूर्ण केलेल्या माणसालाही समुद्राने एकदा अर्ध्यावरून परत पाठवले. तुमची दोन वर्षे दीपगृहापाशी संपली नाहीत.

करंजा_बंदर

टॉमी साहेबांना आमचा मुजरा. पण एक फरक ध्यानात ठेवावा. त्यांच्यापुढे वादळ आले, तिथे दुसरा मार्ग नव्हता. खांदेरीच्या वाटेवर मात्र मार्ग असतो. त्या दिवशी नाही, तर दुसऱ्या दिवशी. आम्ही १ जूनपासून दोन महिने होड्या वर ओढून ठेवतो. तेवढा काळ घरात बसावे लागते म्हणून कोणी स्वतःला कमी समजत नाही.

प्रश्नचिन्ह

मी या धाग्यावर केवळ कुतूहलाने आलो होतो. पुढील महिन्यात लहान होडीच्या वर्गाला नाव घालतो आहे. पोहता येते, उलट्यांची तयारी आहे.

नाडीपरीक्षा

प्रश्नचिन्ह, पोहता येत असले तरी जीवरक्षक जॅकेट धक्क्यावरच घाला आणि धक्क्यावर परत आल्यावरच काढा.

कुलाबा_काठ

सर्वांचे मनापासून आभार. काल शिक्षकांशी बोलले. त्यांना मी विचारले, की मला रीफची शंका आली तेव्हा मी बोलले असते तर त्यांनी ऐकले असते का. ते म्हणाले, मी तुमच्या बोलण्याचीच वाट पाहत होतो, ती माझी चूक झाली, पुढच्या वेळी मी वाट पाहणार नाही आणि तुम्हीही पाहू नका. त्यांच्या या प्रामाणिकपणाने माझ्या मनावरील ओझे उतरले.

पुढचा बेत रविवारी, पंचमीला आहे. पंचमीची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे सव्वातीन-साडेतीनला एक भरती, सकाळी साडेनऊच्या सुमारास ओहोटीचा शेवट आणि दुपारी पावणेचारला पुन्हा पूर्ण भरती. साडेसहाला सुटलो तर उतरते पाणी आणि मतलई वारा दोन्ही बाहेर नेतील. पाणी फिरल्यावर, दहानंतर, चढती भरती आणि खारा वारा आत आणतील. रीफ बंदरातील मिडल ग्राउंड बेटाजवळच घेणार आहोत. आठपर्यंत सुटता आले नाही, तर खांदेरी रद्द करून बंदरातच रीफचा सराव करायचा, हे आत्ताच लिहून ठेवले आहे. पाऊणतिथी, या हिशेबात काही चुकले आहे का?

पाऊणतिथी

हिशेब बरोबर आहे. कोष्टक मात्र या वेळी सुटतानाही उघडा. आणि दुपारी तीनच्या आत प्रॉन्ग्सच्या आत या, म्हणजे भरतीचा शेवटचा पाऊण तास हाताशी राहील.

करंजा_बंदर

रविवारी सकाळी आमची होडी थळच्या बाजूला असेल. लाल झेंडा आहे. दिसलात तर हात करा.